विरळ लेखन आणि टिकाऊ वाचक

बोरिवलीस राहणारे आमचे एक स्नेही गेलीं कांहीं वर्षें स्वतःचें असें एक छोटेखानी लेखनपत्र चालवीत आहेत. लेखक तेच, संपादक तेच, आणि पाकिटांवर पत्ते लिहिणारेही तेच. नोकरी चर्चगेटला, दिवसाचे तीन तास लोकलच्या डब्यांत जातात. त्यामुळें वर्षाकाठीं दोन अंक निघाले तरी पुष्कळ. परवां भेटले तेव्हां चेहरा उतरलेला होता. "वाचक गळूं लागले. आतां दरमहा कांहीं तरी छापावें, कीं हा उद्योगच बंद करावा?" असें त्यांनीं विचारलें. प्रश्न एका गृहस्थाचा खरा. परंतु तो वाङ्मयाचाही आहे, म्हणून त्याचा येथें विचार करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

वाचक हा सवयीचा दास आहे, लेखक नजरेआड झाला कीं तो त्याला विसरतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. हा समज खरा असता तर दिवाळी अंकाची संस्था महाराष्ट्रांत रुजलीच नसती. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं 1909 सालीं 'मासिक मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला आणि ह्या प्रथेस आरंभ झाला. आज कित्येक अंक केवळ दिवाळीपुरतेच निघतात. बाकीचे अकरा महिने त्यांचें नांवही ऐकूं येत नाहीं. तरी आश्विन सरत आला कीं मुलुंड-घाटकोपरकडील वाचनालयांत वाचक त्यांची आठवणीनें चौकशी करितो. वर्षांतून एकदांच येणारा पाहुणा विसरला जात नाहीं, कारण त्याचा येण्याचा दिवस ठरलेला असतो.

दुसरा मार्ग ह्याच्या अगदीं उलट आहे. 1954 च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आदि तरुणांनीं मुंबईंत 'शब्द' काढलें. पुढें 1963 च्या सुमारास अशोक शहाणे यांचें 'असो' आलें. अशा प्रकाशनांस 'अनियतकालिक' हें नांव पडलें, आणि त्या नांवांतच त्यांचा प्रामाणिकपणा आहे. वेळेचें वचन दिलेंच नाहीं, तेथें तें मोडण्याचा प्रश्न कोठला? वाचकाचा विश्वास उडतो तो ह्या दोन मार्गांच्या मध्यें. कपाळावर 'मासिक' असें लिहावयाचें, चौथ्या महिन्यांत तोंड दाखवावयाचें, आणि पहिलें पान दिलगिरीनें भरावयाचें! विलंब वाचक सोसतो. दर वेळीं नवें वचन आणि नवी सबब मात्र तो सोशीत नाहीं.

तथापि वचनाचा हा विचार झाला बाहेरचा. आंतली गोष्ट पाहावयाची तर कोलटकरांचेंच पुढील चरित्र पाहावें. 'अरुण कोलटकरच्या कविता' हा त्यांचा पहिला मराठी संग्रह शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'नें 1977 सालीं काढला. त्यानंतर 'चिरीमिरी' आणि 'भिजकी वही' हे संग्रह आले ते 2003-04 च्या सुमारास. म्हणजे मध्यें पंचवीस वर्षांहून अधिक काळ गेला! नियतकालिकांतून एखादी कविता अधूनमधून दिसे, इतकेंच. असें असतां वाचक गेला नाहीं. 'भिजकी वही' उघडली म्हणजे ह्या मौनाचा उलगडा होतो. इसिस, कॅसांड्रा, हायपेशिया, राबिया अशा नाना देशांतील आणि नाना काळांतील स्त्रियांचे अश्रू ज्या वहींत गोळा झाले, ती वही दरमहाच्या घाईंत भरतां आली नसती. मौन आळसाचें असतें तसें कामाचेंही असतें, आणि पुढील पुस्तक हातीं येतांच वाचकाला त्यांतील भेद अचूक कळतो. ह्या ग्रंथास 2005 सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवि मात्र 2004 च्या सप्टेंबरांतच निवर्तले होते.

येथें कोणी म्हणेल, कोलटकरांचा दाखला सामान्य लेखकास देणें हा अन्याय आहे. आक्षेप रास्त आहे. प्रतिभा उसनी आणतां येत नाहीं. परंतु येथें मुद्दा प्रतिभेचा नसून मागील लेखनाचा आहे. मधल्या वर्षांत वाचकाला बांधून ठेविलें तें 1977 च्या संग्रहानें. तो पुन्हां पुन्हां वाचावासा वाटे म्हणून. वाचक पुढच्या अंकाच्या आशेवर टिकत नाहीं, मागच्या अंकाच्या ऋणावर टिकतो. हें ऋण लहान लेखकासही आपल्या शक्तीप्रमाणें निर्माण करितां येतें.

आमच्या स्नेह्यांचेंच पाहा. लोकलच्या डब्यांतील भजनी मंडळांवरील त्यांचा लेख आम्हीं तीनदां वाचला असेल. तो अंक अजून घरांत जपून ठेविला आहे. उलट गेल्या वर्षीं, फार दिवस गेले ह्या लाजेनें, त्यांनीं वर्तमानपत्री मतांची भरती करून एक अंक घाईनें काढला. हिशेब पाहतां वाचक गळूं लागले ते त्या अंकानंतर. त्यापूर्वीं आठ महिने अंक नव्हता, तेव्हां नव्हे! ही गोष्ट त्यांना कटु वाटेल, पण मित्राचें कर्तव्य म्हणून सांगितली पाहिजे.

सारांश, त्यांनीं दरमहा छापूं नये आणि बंदही करूं नये. एक तर दिवाळीसारखा दिवस धरावा, नाहीं तर काळाचें नांवच काढूं नये. जुना अंक मागेल त्याला मिळेल अशी सोय ठेवावी. आणि अंक निघेल तेव्हां दिलगिरी न लिहितां एकदम लेखास आरंभ करावा. त्यानेंही कांहीं वाचक जातील. ते नुसतें रिकामें पाकीट आलें असतें तरी गेलेच असते. उरतील त्यांच्यासाठीं लिहावें.