आकाशवाणीचा इतिहास आणि कार्यक्रमसमीक्षेचा प्रश्न

भारतीय नभोवाणीच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले आहे, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग संस्थेच्या कारभाराची नोंद ठेवणाऱ्या ग्रंथांचा. यू. एल. बरुआ (१९८३) व एच. आर. लुथरा (१९८६) ह्यांचे ग्रंथ ह्या वर्गात मोडतात. केंद्रांची स्थापना, प्रक्षेपकांची शक्ती, अधिकारपदे व धोरणे ह्यांचा त्यांतील तपशील अभ्यासकाला टाळता येण्याजोगा नाही. दुसरा वर्ग स्वायत्ततेच्या वादाचा. शासनाने ह्या माध्यमाला किती जखडून ठेवले, हा त्यातील मुख्य प्रश्न होय. दोन्ही प्रकारच्या लेखनाचे मोल मान्य करूनही एक उणीव नमूद करणे भाग आहे. श्रोत्याच्या कानावर प्रत्यक्ष काय पडले, त्याची घडण कोणत्या बंधनांतून व कोणत्या सवलतींतून झाली, हा प्रश्न दोन्हीकडे दुय्यम ठरतो. संगीतधोरणाच्या बाबतीत डेव्हिड लेलिवेल्ड ह्यांच्या निबंधाने ही उणीव काही अंशी भरून काढली. परंतु शब्दप्रधान कार्यक्रमांच्या बाबतीत, विशेषतः मराठीपुरते पाहता, ती अद्याप जाणवते. कार्यक्रम हाच इतिहासाचा मुख्य पुरावा मानला, तर रूढ निष्कर्षांत कोणता फरक पडतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

(१)

प्रारंभीचा वृत्तांत थोडक्यात सांगता येईल. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौशी प्रक्षेपण केले. त्याच वर्षी कलकत्त्यास व पुढील वर्षी मद्रासेस तसेच प्रयत्न झाले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते सुरू झाले. परंतु अवघ्या तीन वर्षांच्या आत ह्या खाजगी कंपनीचे दिवाळे निघाले. १ एप्रिल १९३० पासून सरकारने ही सेवा आपल्याकडे घेतली, तीही प्रयोग म्हणून. १९३१ मध्ये ती बंद करण्याचा निर्णय झाला आणि लोकमताच्या दडपणामुळे तो फिरवावा लागला. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नभोवाणी सरकारी झाली ती एखाद्या विचारपूर्वक आखलेल्या योजनेमुळे नव्हे. व्यापाराला जे पेलले नाही ते राज्यसंस्थेच्या गळ्यात पडले. १९३५ मध्ये बी. बी. सी. मधून आलेले लायोनेल फील्डन ह्यांनी तिला आकार दिला व ८ जून १९३६ रोजी तिचे ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे नामकरण झाले. ‘आकाशवाणी’ हे नाव मात्र सरकारी नव्हते. म्हैसूर येथे एम. व्ही. गोपालस्वामी ह्यांनी १९३५ मध्ये चालविलेल्या खाजगी केंद्राचे ते नाव होते, आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय संस्थेने ते स्वीकारले.

(२)

टीकाकारांचा सर्वाधिक रोष ज्या कालखंडावर आहे तो १९५२ ते १९६२ हा होय. ह्या काळात माहिती व नभोवाणी खाते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांच्याकडे होते. केसकर मराठी भाषक, पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे अभ्यासक. त्यांच्या कारकीर्दीत चित्रपटगीतांवर कठोर नियंत्रण आले, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ च्या ऑक्टोबरात ‘विविध भारती’ सुरू करून संस्थेला आपली भूमिका मवाळ करावी लागली, हा वृत्तांत सर्वपरिचित आहे व तो खराही आहे. परंतु तो अपुरा आहे. १९५२ मध्ये सुरू झालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५४ पासूनचे रेडिओ संगीत संमेलन आणि कलावंतांच्या श्रवणचाचणीची व श्रेणींची पद्धत ह्यांनी दरबार व संस्थाने लयास गेल्यानंतर गायकवादकांना एक नवा आश्रय दिला. श्रेणी ठरविण्याच्या रीतीबद्दल अनेक ज्येष्ठ कलावंतांनी नाराजी दर्शविली, हेही ह्याच चित्राचे अंग आहे. आश्रय आणि परीक्षा ही दोन्ही एकाच हाताने देण्यात आली. त्यांपैकी एकीचाच उल्लेख करणे म्हणजे इतिहास अर्धा सांगणे होय.

ह्याच संदर्भात एक प्रचलित गैरसमज दूर करणे अवश्य आहे. हार्मोनियमवरील बंदीचे खापर पुष्कळदा केसकरांच्या माथी फोडले जाते. वस्तुतः ती बंदी १ मार्च १९४० पासूनची, म्हणजे फील्डन ह्यांच्या राजवटीतील आहे. केसकरांनी ती उठविली नाही, एवढेच म्हणता येईल. १९७१ पर्यंत ती सैल झाली नाही. ज्या महाराष्ट्रात संगीत नाटकाची सारी घडण पेटीच्या सुरांवर झाली व गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्या वाद्यास स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली, तेथे ह्या बंदीचा अर्थ निव्वळ तांत्रिक राहत नाही. स्वतः उत्तम पेटीवादक असलेले पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये ज्या संस्थेच्या सेवेत आले, त्या संस्थेच्या ध्वनिमंदिरात त्यांच्या आवडत्या वाद्याला मज्जाव होता! शुद्धतेचा आग्रह परकीय अधिकाऱ्याने आरंभिला आणि स्वकीय मंत्र्याने राष्ट्रीय संस्कृतीच्या नावाने चालू ठेवला. वासाहतिक व स्वतंत्र अशा दोन कालखंडांत जी भिंत आपण सहज उभी करतो, ती धोरणांच्या पातळीवर किती पातळ आहे, हे येथे दिसून येते.

(३)

धोरणाचा अभ्यास एवढ्यावर थांबला तर निष्कर्ष सोपा राहतो: शासनाने अभिरुचीवर अंकुश ठेवला व तो फसला. कार्यक्रमाकडे वळताच मात्र प्रश्न अवघड होतो. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर दीड वर्षाने, १९५५ च्या रामनवमीस, तेथून सीताकांत लाड ह्यांच्या प्रेरणेने ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीत नावाजलेले. ज्या संस्थेने चित्रपटगीताला दार लावले होते, तिनेच सुगम संगीताच्या दाराने चित्रपटातील उत्तम प्रतिभा आत घेतली. बंदीचा हेतू आणि बंदीचा परिणाम ह्यांत किती अंतर पडू शकते, ह्याचे इतके बोलके उदाहरण अन्यत्र क्वचितच आढळेल.

‘गीतरामायणा’ची समीक्षा बहुधा काव्य म्हणून किंवा गायन म्हणून झाली आहे; नभोवाणीसाठी निर्मिलेली कृती म्हणून तिचा विचार फारसा झालेला नाही. त्यातील कित्येक विशेष माध्यमाच्या मर्यादांतून उद्भवलेले आहेत. दर आठवड्यास एक गीत हा क्रम संकल्पित वर्षाचा. त्या वर्षी अधिक मास आल्याने बावन्नऐवजी छप्पन्न गीते झाली. कृतीचे आकारमान पंचांगाने ठरावे, ही गोष्ट छापील महाकाव्याच्या बाबतीत संभवत नाही. श्रोत्याला पात्र दिसत नाही. म्हणून कोण बोलत आहे व कोणाशी, हे गीताच्या आरंभीच ध्वनित व्हावे लागते. निवेदन निरनिराळ्या पात्रांच्या मुखी विभागण्याची योजना ह्या गरजेशी जुळते. मूळ प्रसारणात ही पात्रे निरनिराळ्या गायक-गायिकांच्या कंठांतून बोलली: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक आदींचे आवाज त्यांत होते. पुढे फडके ह्यांच्या एकट्याच्या जाहीर गायनामुळे कृतीला अपार लोकप्रियता लाभली. पण अनेक कंठांची कथा एका कंठाची झाली, नाट्य मागे पडून कीर्तनाशी तिचे नाते अधिक दृढ झाले. आज आपण जिचे मूल्यमापन करतो ती बहुधा ही दुसरी कृती असते. पहिली कृती प्रसारणाची होती, आणि तिचा विचार न करता दिलेला निर्णय एकांगी ठरतो.

(४)

श्रोत्याचे स्थान कोणते, हा प्रश्नही पुणे केंद्रानेच एका प्रयोगाने पुढे आणला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्याच्या मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे निवडून तेथे शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांसाठी २० कार्यक्रम प्रसारित झाले. मंडळींनी एकत्र बसून ऐकावे, चर्चा करावी व आपले प्रश्न केंद्राकडे धाडावे, अशी योजना होती. पॉल न्यूराथ ह्यांच्या पाहणीत आढळले की, चर्चेत भाग घेणाऱ्या गावांच्या ज्ञानात लक्षणीय भर पडली. ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’ हे ब्रीद मिरविणाऱ्या संस्थेने बहुजनांना उलट बोलण्याची सोय करून दिली, असे हे विरळ उदाहरण होय.

(५)

ह्या विवेचनावरून शासकीय नियंत्रणाचे समर्थन करावयाचे आहे, असा अर्थ कोणी काढू नये. बी. बी. सी. सारखे अर्धस्वायत्त मंडळ हा आदर्श खरा, पण तो तूर्त व्यवहार्य नाही, असे पंडित नेहरूंनी १९४८ मध्ये संविधान सभेत सांगितले. १९६६ मध्ये चंदा समितीने व १९७८ मध्ये वर्गीज समितीने स्वायत्ततेची शिफारस केली; प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये संमत झाला आणि अंमलात यावयास १९९७ साल उजाडले. जे ‘तूर्त’ होते ते जवळजवळ अर्धशतक टिकले. त्या विलंबाची किंमत काय पडली, हे आणीबाणीत दिसले. १९७६ मध्ये किशोरकुमार ह्यांची गाणी आकाशवाणीवरून वर्ज्य ठरली, तेव्हा सत्तेचा हात श्रोत्याला रोजच्या कार्यक्रमातच जाणवला. म्हणजे स्वायत्ततेचा प्रश्नदेखील अखेर कार्यक्रमाच्या पातळीवरच तपासावा लागतो. काय प्रसारित झाले ह्याबरोबरच काय होऊ शकले नाही, हेही समीक्षकाने विचारले पाहिजे.

येथे साधनांची अडचण उभी राहते. ‘द इंडियन लिसनर’ सारख्या नियतकालिकांतून कार्यक्रमांची वेळापत्रके मिळतात. पण वेळापत्रक हा संकल्प आहे, प्रसारण नव्हे. त्या काळी थेट प्रसारित झालेले पुष्कळसे बोलणे बोलताक्षणीच विरून गेले. व्यंकटेश माडगूळकर, आरती प्रभू, मंगेश पाडगावकर ह्यांसारखे लेखक आकाशवाणीच्या सेवेत होते. त्यांच्या लेखनातील बोलीचा लय, संवादाचा आटोपशीरपणा ह्यांत ह्या सेवेचा वाटा किती, हे ठरविण्यास मूळ संहिता हव्यात. केंद्रांच्या दप्तरांत व लेखकांच्या घरी जे कागद उरले असतील त्यांची सूची करणे, हे विद्यापीठांतील मराठी विभागांचे काम आहे. ते संस्थेवर सोपवून चालणार नाही, कारण संस्थेची स्मृती कारभाराची असते. ही सामग्री हाती येईपर्यंत आकाशवाणीने मराठी वाङ्मयाचे भले केले की बुरे, ह्याविषयीचा कोणताही निर्णय तात्पुरताच समजावा लागेल; आणि कागदाचे आयुष्य पाहता त्या कामास फार अवधी उरलेला नाही.