निकालपत्रातील रिकामी जागा : ‘यूट झ्यूस’ या आशयसूत्राचा विचार

एखाद्या आशयसूत्राचा तौलनिक अभ्यास करताना मूळ घटना स्थिर आणि तिची साहित्यरूपे तेवढी परिवर्तनशील, असे आपण सहसा गृहीत धरतो. योसेफ झ्यूस ओपेनहायमर याच्यावरील अभियोगाच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही.

झ्यूस हा व्युर्टेंबर्गचा ड्यूक कार्ल अलेक्झांडर याचा ज्यू वित्तव्यवस्थापक. ड्यूक कॅथलिक, तर प्रजा आणि प्रांतिक सभा प्रॉटेस्टंट. या सभेला डावलून ड्यूकसाठी पैसा उभा करणे हे झ्यूसचे काम होते. १२ मार्च १७३७ रोजी ड्यूकचा आकस्मिक मृत्यू झाला आणि झ्यूसला लगोलग अटक झाली. राजद्रोह, लाचखोरी, ख्रिस्ती स्त्रियांशी संबंध असे नाना आरोप चौकशीत पुढे आले. परंतु कोणता गुन्हा कसा सिद्ध झाला, याचा उलगडा निकालपत्र करीत नाही. ४ फेब्रुवारी १७३८ रोजी स्टुटगार्टबाहेर त्याला फाशी देण्यात आली आणि त्याचे शव लोखंडी पिंजऱ्यात कित्येक वर्षे टांगून ठेवण्यात आले. त्याच्याबरोबर पकडलेल्या ख्रिस्ती अधिकाऱ्यांपैकी एकालाही देहदंड झाला नाही.

येथे शिक्षा आहे, पण तिला आधार देणारे सुसंगत कथन नाही. पुढील लेखकांनी हीच रिकामी जागा भरली. विल्हेल्म हाउफ याच्या १८२७ च्या दीर्घकथेत झ्यूसच्या कल्पित बहिणीची विफल प्रेमकथा येते. लिओन फॉइश्टवांगरची १९२५ ची कादंबरी त्याला सत्तालालसेकडून विरक्तीकडे नेते. तिच्यातील झ्यूस एका ख्रिस्ती सरदाराचा पुत्र आहे. ते उघड केल्यास जीव वाचेल हे ठाऊक असूनही तो ज्यू म्हणून मरण पत्करतो. फाइट हारलानच्या १९४० च्या नाझी प्रचारपटात मात्र ख्रिस्ती स्त्रीवरील बलात्कार केंद्रस्थानी येतो. न्यायालयाने मोघम ठेवलेला गुन्हा पडद्यावर प्रत्यक्ष ‘घडतो’.

या कृतींचे हेतू परस्परविरोधी आहेत. फॉइश्टवांगर आणि हारलान यांना एका मापाने मोजणे हा अन्यायच ठरेल. तरीही तिन्ही कृतींचे शीर्षक एकच आहे : ‘यूट झ्यूस’, म्हणजे ‘ज्यू झ्यूस’. हे नाव त्याच्या निंदकांच्या पत्रकांतून रूढ झाले. सहानुभूतीने लिहिणाऱ्या फॉइश्टवांगरलाही ते टाळता आले नाही. ‘हा माणूस रक्ताने कोण?’ हा प्रश्नही त्याच्या कादंबरीत निर्णायक राहतो. तिचे उत्तर उदात्त आहे. प्रश्न मात्र फिर्यादी पक्षाच्या विचारविश्वातला आहे.

इतिहासकार यायर मिंट्झकर यांनी २०१७ च्या ग्रंथात चौकशी अधिकारी, धर्मांतरित ज्यू अध्यापक, स्टुटगार्टमधील ज्यू प्रतिष्ठित आणि एक लोकप्रिय लेखक अशा चौघांची कथने शेजारी शेजारी ठेवली. त्यांतून एकच एक सत्यकथा घडविण्याचे टाळले. तौलनिक अभ्यासकाला ही रीत मोलाची वाटावी. चौकशीचे कागद हे कथांचे निर्विकार मूळ नव्हे. तीही एक संहिता आहे, आणि ती रचणाऱ्यांच्या हाती एका माणसाचा जीव होता. आशयसूत्रांच्या सूचीत तिला ‘मूळ स्रोत’ म्हणून नोंदविले, की तो निकाल आपणही नकळत मान्य केलेला असतो.