‘हुबेहूब’च्या पलीकडे : घाट आणि पोत

घरगुती वस्तूचे यथार्थ चित्र पाहिले की आपण ‘हुबेहूब आहे’ असे म्हणतो आणि रसग्रहण तेथेच थांबते. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्यातील ‘हू’ हे मूळचे अरबी सर्वनाम. ‘तोच तो’ एवढाच त्याचा मूलार्थ. वस्तू कशी आहे व चित्रकाराने ती कशी पाहिली, याविषयी तो मौन पाळतो. समीक्षेची संज्ञा म्हणून तो मला निरुपयोगी वाटतो.

वास्तविक अधिक नेमके शब्द आपल्या व्यवहारात आहेत. भांड्याला आकार असतोच. परंतु पारखी गिऱ्हाईक पाहते तो ‘घाट’. आकार बाह्यरेषेने दाखविता येतो. घाट दाखवावयाचा तर पोकळी, फुगवटा व वजन यांची प्रतीती यावी लागते. पितळी पेल्याच्या पेन्सिलचित्रात तोंडाचे लंबवर्तुळ अचूक, परंतु बूड सरळ रेषेने संपविलेले, असे पुष्कळदा आढळते. वस्तुतः डोळ्यांच्या पातळीपासून जो भाग अधिक खाली, त्याचे लंबवर्तुळ अधिक उघडे दिसावयास हवे. अशा पेल्यात पाणी राहील असा विश्वास वाटत नाही.

‘पोता’चे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. हा शब्द आपण कापडाला लावतो, जमिनीलाही लावतो. इंग्रजी ‘टेक्स्चर’ही विणणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासूनच निघाला आहे. गुळगुळीत, खरखरीत, खडबडीत ही आपली विशेषणे ध्वनीच्या आवृत्तीने स्पर्श सुचवितात. पेन्सिलही तेच करते. एकच फटकारा पुनःपुन्हा मारून ती मडक्याचा खरखरीतपणा उभा करते. मात्र ही आवृत्ती कोठे करावी, हा खरा प्रश्न आहे. प्रखर प्रकाशात पोत विरतो, गडद छायेत बुडतो. प्रकाश छायेकडे वळतो त्या अरुंद पट्ट्यात तो सर्वाधिक प्रकट होतो. मडक्यावर सर्वत्र सारखे ठिपके दिले की ते मडके न राहता ठिपक्यांचा कागद होतो. तेथे पोताने घाटाचा बळी घेतलेला असतो. पितळेचे तंत्र निराळे : तेथे झळाळी लहान, काठाशी धारदार, आणि तिला लगटूनच काळोख.

फ्रेंच चित्रकार शार्दँ (१६९९–१७७९) याची स्वयंपाकघरातील भांड्यांची तैलचित्रे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. १७६३ च्या प्रदर्शनावर लिहिताना दिदरोने नोंदविले की, त्याच्या चित्रांजवळ गेले असता सर्व काही धूसर व सपाट होते आणि दूर सरताच वस्तू पुन्हा आकारास येतात. म्हणजे जवळून तपासल्यास तेथे ‘हुबेहूब’ असे काहीच नाही! पोत रंगात नक्कल होऊन बसलेला नसतो. तो पाहणाऱ्याच्या दृष्टीत जुळून येतो.

आपल्याकडे शासकीय रेखाकला परीक्षेच्या तयारीत वस्तुचित्रावर ‘छायांकन वाढवा’ असा शेरा मिळतो. त्याऐवजी ‘मडके खरखरीत झाले आहे, गोल झालेले नाही’ असे लिहिले, तर पेन्सिल कोठे थांबवावयाची हे विद्यार्थ्यास कळेल.