शब्दहरण आणि अर्थहरण

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१८ सालीं वाङ्मयचौर्याच्या प्रतिबंधार्थ जे विनियम केले, त्यांतील व्याख्या उत्तम आहे. दुसऱ्याचें लेखन किंवा कल्पना आपली म्हणून पुढें करणें म्हणजे चौर्य, असें तींत स्पष्ट म्हटलें आहे. परंतु दंडाचें कलम येतांच कल्पना मागें पडते आणि टक्के पुढें येतात. सादृश्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाहीं. चाळिसांपर्यंत असल्यास प्रबंध सुधारून सहा महिन्यांच्या आंत पुन्हां द्यावा. साठांपर्यंत वर्षाची मनाई. त्यापुढें नोंदणीच रद्द. हें सादृश्य यंत्र मोजतें, आणि यंत्रास दिसतात ते शब्द.

राजशेखराची दृष्टि याहून तीक्ष्ण होती. हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं त्यानें ‘काव्यमीमांसें’त शब्दहरणास एक अध्याय दिला, अर्थहरणास दोन. उसनें घेणें तो सरसकट निंद्य मानीत नाहीं. मात्र अर्थ सगळा दुसऱ्याचा आणि रचना तेवढी निराळी, या प्रकारास तो प्रतिबिंबकल्प म्हणतो, व अशानें कवीचें कवित्वच जातें असा निर्णय देतो. इंग्रजींतून गुपचूप मराठींत आणलेलें प्रकरण याहून वेगळें काय असतें? भाषांतरास आमचा आक्षेप नाहीं. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ प्रसिद्ध केलें, तेव्हां तें ‘हॅम्लेट’वरून घेतलें हें त्यांनीं झांकलें नाहीं.

मध्यंतरीं आमच्याच एका विद्यार्थ्यानें नाट्यविषयक प्रबंधाचा खर्डा दाखविला. सादृश्य अवघें चार टक्के! तिसरें प्रकरण वाचतांना मात्र वाक्यांची ठेवण परकी वाटूं लागली. ब्रॅडलेचें शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरील १९०४ सालचें पुस्तक काढून ताडून पाहिलें. परिच्छेदामागून परिच्छेद तेथलेच निघाले.

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेरास गोरोबाकाकांनीं थापटणें घेऊन संतांचीं डोकीं तपासलीं, कोणतें मडकें कच्चें हें पाहिलें, ही कथा सर्वश्रुत आहे. आम्हींही थापटणें उचललें. “हीं मतें आपण कोठून घेतलींत?” असें विचारलें. तो निःशंकपणें म्हणाला, “सर, आपल्याच टिपणांतून. बी.ए.च्या वर्गांत आपण सांगितलीं होतीं.” ब्रॅडलेचें नांवही त्यानें ऐकलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हीं जुनी वही काढली. वीसांहून अधिक वर्षें ती वर्गांत वाचून दाखविली आहे. ब्रॅडलेचें नांव तींत कोठेंही नाहीं.

खर्डा अद्याप टेबलावर आहे. मार्गदर्शकाच्या सहीची जागा कोरी आहे.