फाफेची सायकल उलव्यात

शाळकरी गुप्तहेराच्या मालिकेत एवढे आकर्षक काय असते? आपल्याकडे याचे उत्तर ठरलेले आहे: रहस्य, साहस आणि हल्ली त्यात मिसळलेले स्मरणरंजन. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आला आणि सुमीत राघवन घराघरांत ‘फाफे’ झाला. ती मालिका लहानपणी पाहिलेल्या ज्या ज्या स्नेह्यांना मी विचारले, त्यांपैकी एकालाही एखाद्या भागातला चोर कोण निघाला हे सांगता आले नाही. आठवली ती सायकल आणि ते ‘ट्टॉक्’. रहस्यच आकर्षक असते, तर रहस्य आठवले असते.

बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा. पुण्यात विद्याभवनात शिकायला आलेला, म्हणजे शहराला निम्मा परकाच. किडकिडीत अंगकाठी, खिशात पैसा नाही, हाती अधिकार नाही. आहे ती हिंडण्याची मुभा. मोठ्यांच्या जगात तो सरळ सायकल घालतो, विचारू नये ते विचारतो, आणि भागवतांच्या जगात मोठी माणसे अखेर त्याचे ऐकतातही. हा भाबडेपणा खरा, पण त्या कथांचा कणाही तोच आहे. अमेरिकेत २००४ साली सुरू झालेल्या ‘व्हेरॉनिका मार्स’मध्ये तो उरलेला नाही. तिथले गाव कोट्यधीश आणि त्यांच्याकडे राबणारे असे दुभंगलेले आहे. मैत्रिणीच्या खुनाच्या तपासात बड्या घराकडे बोट दाखवल्यामुळे वडिलांची शेरीफपदाची खुर्ची गेली आहे. व्हेरॉनिकाला तपास करावा लागतो तो मोठ्यांवर विश्वास उरला नाही म्हणून. तरी तिलाही मुभा आहे. रात्री-बेरात्री गाडी काढून ती कुठेही जाते.

२०१७ च्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघचा फेणे मात्र शाळकरी नाही, चांगला तरुण आहे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा हा विषय अचूक निवडलेला. आजच्या मुलांचे खरे गुन्हास्थळ परीक्षा हेच आहे. पण तरुण मुलगा शहरभर फिरला तर त्यात नवल ते काय? फेण्याचे वय वाढवताना चित्रपटाने नकळत एक कबुली दिली: शाळकरी पोर आता एकटे हिंडताना दाखवले, तर पटणार नाही.

ही कबुली मला उलव्यात रोज भेटते. माझी तेरा वर्षांची भाची ‘व्हेरॉनिका मार्स’ पाहत होती. खुनाबद्दल तिने काही विचारले नाही. तिचा प्रश्न होता, “मामा, हिला घरचे एकटीला सोडतात कसे?” मालिकेच्या आकर्षणावरची याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही. आमच्या सोसायटीत गेटवर वही आहे, लिफ्टपाशी कॅमेरा आहे. कॅमेरा सगळे पाहतो. विचारत काही नाही.

आणि विचारण्यासारखे तर इथे गेटबाहेर पाऊल टाकताच सुरू होते. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचे पात्र वळवले गेले, तरघर, कोंबडभुजे यांसह दहा गावे उठली. जवळच जासई परिसरात जानेवारी १९८४ मध्ये जमिनीचा मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. इथल्या बऱ्याच रहिवाशांना यातले काहीच ठाऊक नसते. मलाही पहिली दोन वर्षे नव्हते. यातले काही दडवलेले नाही, म्हणून गुप्तहेराची गरज नाही असे कोणी म्हणेल. पण फाफेचे कामच ते होते: सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीपाशी सायकल थांबवायची.

परवा भाचीने विचारले, “खारकोपर स्टेशनच्या पलीकडे काय आहे ते सायकलवरून बघून येऊ?”

मी म्हटले, “चल, मीही येतो.”

तिने बेत रद्द केला.