कर्णाचा जन्मवृत्तान्त : कैलासम् ते सावंत

बंगळुरूचे नाटककार टी. पी. कैलासम् (१८८४–१९४६) यांनी कौटुंबिक प्रहसने कन्नडमध्ये लिहिली. कर्णासाठी मात्र इंग्रजी भाषा आणि सॉफोक्लीसचा आदर्श स्वीकारला. ही निवड मार्मिक आहे, कारण ईडिपसही परक्या घरी वाढलेला. पण ईडिपस आपला जन्म स्वतः शोधतो. महाभारतात कर्णाच्या जन्माचा उच्चार इतर करतात, आणि तोही युद्धाच्या तोंडावर, त्यांना गरज पडल्यावर. उद्योगपर्वात कृष्ण ते सांगतो तेव्हा कर्ण उत्तरतो की हे आपणास ठाऊक आहे. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती, कबुलीची होती. शोकान्तिकेचा भार ब्राह्मणाच्या शापावर टाकल्याने कैलासम् यांच्या नाटकात ही उणीव झाकली जाते.

मराठीत शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कुंतीला आत्मनिवेदन मिळाले, शोणालाही मिळाले, राधेला नाही. कृष्णाला नकार देताना मूळ कर्ण जिच्या वात्सल्याने फुटलेल्या पान्ह्याची साक्ष काढतो, तीच येथे निवेदनाबाहेर राहते. रणजित देसाईंचे ‘राधेय’ (१९७३) हे शीर्षक त्या मानाने अधिक न्यायी.

२०२२ च्या दत्तक नियमावलीत दत्तक संततीला मूळशोधाची वाट आहे, जन्मदात्यांची गोपनीयता राखून. माहिती त्या वाटेने मिळू शकते. कबुली नियमाने मिळत नाही. कर्णाला ती मिळाली खरी, पण एकान्तात. त्याआधी तोच कृष्णाला हे गुपित राखण्याची विनंती करतो. चारचौघांत कुंती त्याला पुत्र म्हणते ती स्त्रीपर्वात, युद्ध संपल्यावर, त्याला तर्पण देण्यासाठी.