भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यानं प्लेटो कशाला वाचावा?

आजचा प्रश्न साधा आहे. ज्याला भौतिकशास्त्रच शिकायचंय, त्याला पहिल्या वर्षी ग्रीक नाटकं आणि प्लेटो वाचायला लावायचं कशासाठी?

अमेरिकेत पोर्टलंड इथे १९०८ साली स्थापन झालेलं रीड कॉलेज आहे. तिथे पहिल्या वर्षाचा मानव्यविद्यांचा अभ्यासक्रम सगळ्यांना सक्तीचा. कित्येक दशकं तो प्राचीन ग्रीसपासून सुरू होत असे. अशा ‘लिबरल आर्ट्‌स’ महाविद्यालयांचे पुरस्कर्ते सांगतात, की या वाचनानं दृष्टी व्यापक होते आणि माणूस चांगला वैज्ञानिक होतो.

मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे हे ऐकायला मला गोड वाटतं. पण युक्तिवाद कच्चा आहे. थॉमस कून यांचं उदाहरण घ्या. १९४९ साली हार्वर्डमधून भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. विज्ञानेतर विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्तानं त्यांनी ॲरिस्टॉटल वाचला आणि ते इतिहासाकडे वळले. म्हणजे व्यापक वाचनानं त्यांना भौतिकशास्त्राच्या बाहेरच नेलं! १९६२च्या आपल्या ग्रंथात तर ते म्हणतात, की पाठ्यपुस्तकी शिक्षण एकांगी असतं खरं, पण वैज्ञानिक घडवायला ते कमालीचं परिणामकारक ठरतं.

मग रीडचं बळ कशात आहे? तिथे भौतिकशास्त्राची पदव्युत्तर शाखाच नाही. मोठ्या विद्यापीठात महागडं उपकरण आधी पीएच.डी.वाल्यांच्या हाती जातं. इथे ते पदवीच्या मुलांच्या हाती येतं. १९६८पासून या कॉलेजात २५० किलोवॅटची संशोधन अणुभट्टी आहे. सरकारी परवाना परीक्षा देऊन विद्यार्थीच ती चालवतात, आणि बरं का, त्यात साहित्य शिकणारेही असतात. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला प्रबंध लिहून त्याची तोंडी परीक्षा द्यावी लागते. त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पुस्तकाच्या मागे छापलेलं नसतं. याची किंमतही आहेच: भौतिकशास्त्राचे काही विषय राहून जातात, ते पुढे भरून काढावे लागतात.

हे आपल्याला का कळायला हवं? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तल्या ६४ कलांचा दाखला देऊन बहुविद्याशाखीय शिक्षणाचा आग्रह धरला आहे. आग्रह चांगला आहे. पण विषयांची यादी वाढवणं सोपं असतं, वेळापत्रकात एक तास घातला की झालं. आपल्याकडे बी.एस्सी.च्या प्रयोगात ‘जी’ची किंमत आधीच ठाऊक असते आणि रीडिंगं तिच्याशी जुळवून जर्नलवर सही घेतली जाते. ते तसंच ठेवून शेजारी प्लेटो बसवला, तर मुलगा दोन विषयांचं पाठांतर करील, एवढंच.

तेव्हा मुलांना अशा कॉलेजात घालताना माहितीपत्रकात किती विषय आहेत ते मोजू नका. शेवटच्या वर्षी विद्यार्थी स्वतःचा कुठला प्रश्न सोडवतो आणि त्याला उलट प्रश्न कोण विचारतं, एवढं विचारा.